सावित्रीच्या खोऱ्यातील आपत्तीचा नकाशा
महाड व पोलादपूर तालुक्यांचा ऐतिहासिक विचार

१

कशेडीचा घाट ही रायगड आणि रत्नागिरी ह्या दोन जिल्ह्यांची सीमा होय. तसाच तो दोन खोऱ्यांमधील जलविभाजकही आहे. घाटाच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस जगबुडी नदीस मिळून खेडकडे जातो, आणि उत्तर उतारावरचा पाऊस पोलादपूरच्या बाजूस उतरून सावित्रीस मिळतो. मुंबई–गोवा महामार्ग ह्याच घाटातून जात असल्याने पावसाळ्यात दरड कोसळून वाहतूक बंद पडणे हा तेथील नेहमीचा अनुभव होता. २०२३ साली कशेडीच्या बोगद्याचा एक मार्ग वाहनांस खुला झाला आणि प्रवाशांना घाट टाळणे शक्य झाले. घाटाच्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वाड्यांना मात्र तशी सोय उपलब्ध नाही.

महाड व पोलादपूर ह्या दोन तालुक्यांवर एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात जे प्रसंग आले, त्यांचे वर्णन बहुधा पर्जन्यमान, भरती आणि डोंगराची झीज ह्यांच्या परिभाषेत केले जाते. ते वर्णन आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. पाऊस सर्वांवर सारखा पडला, तरी कोणाचे घर डोंगराच्या कुशीत, कोणाचे नदीच्या काठी आणि कोणाचे उंच व भक्कम जागी असावे, हे पावसाने ठरविलेले नाही. ते जमीनधारणेच्या, जंगलाच्या आणि जातिव्यवस्थेच्या इतिहासाने ठरविले आहे. हवामानातील पालटामुळे वाढणारे धोके नकाशावर मांडण्याचे प्रयत्न आज सर्वत्र चालू आहेत. सावित्रीच्या खोऱ्यात असा नकाशा करावयाचा झाल्यास त्यावर हा इतिहास कोणत्या रीतीने उमटला पाहिजे, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

सावित्रीचा उगम महाबळेश्वरच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर होतो. तेथून महाड सरळ रेषेत जेमतेम तीस किलोमीटर अंतरावर आहे. परंतु एवढ्या अल्प अंतरात नदी जवळजवळ सारी उंची गमावून बसते. पोलादपूरपर्यंत ती डोंगरी प्रवाह असते. महाडनजीक काळ व गांधारी ह्या नद्या तिला मिळतात. त्यापुढे तिला खाडीचे रूप येते आणि बाणकोट व हरिहरेश्वर ह्यांच्यामध्ये ती अरबी समुद्रास मिळते. महाडच्या आसपास एका बाजूने घाटावरचे पाणी वेगाने येते व दुसऱ्या बाजूने समुद्राची भरती त्यास अडविते. ह्या दोहोंच्या संधिस्थानी महाड शहर वसले आहे.

शहर अशा जागी वसण्याचे कारण व्यापार हे होते. शहरालगतची गांधारपाले येथील बौद्ध लेणी ह्या मार्गाच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात. भरतीच्या पाण्यावर गलबते वर येत, घाटावरचा माल खाली उतरे आणि नदीकाठी बाजार भरे. जी भरती व्यापारास उपकारक होती तीच पुराच्या दिवसांत अपायकारक ठरली. कोकणातील माणसास ही गोष्ट नवी नाही. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास येणाऱ्या उधाणाचा हिशेब तिथीवरून करण्याची रीत खाडीकाठी जुनी आहे. २ ऑगस्ट २०१६ रोजी रात्री महाडजवळील सावित्रीवरचा १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल कोसळला व त्यावरून जाणारी वाहने नदीत गेली, तो दिवस आषाढी अमावास्येचा होता. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली गेले, तेव्हा गुरुपौर्णिमा एक-दोन दिवसांवर आली होती. ह्या योगायोगास एकमेव कारण मानणे चुकीचे होईल. तरीही घाटावरचा पाऊस व समुद्राचे उधाण ही दोन वेगवेगळ्या खात्यांची माहिती आहे, आणि नदीकाठच्या माणसाला मात्र ती एकत्रच भोगावी लागते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

येथे ‘किनारा’ ह्या संज्ञेचाही विचार करणे प्राप्त आहे. भारत सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना काढली, तीत खाड्या व भरतीचे पाणी पोहोचणाऱ्या नद्यांचे काठ अंतर्भूत होते. पुढे २०११ च्या अधिसूचनेत ही मर्यादा पाण्याच्या खारटपणावरून ठरविण्यात आली : वर्षातील सर्वांत कोरड्या काळात जेथे क्षारांचे प्रमाण दर हजारी पाच भागांपर्यंत असते, तेथपर्यंत भरतीचा प्रभाव मानावा. बांधकामाच्या नियंत्रणापुरती ही व्याख्या सोयीची आहे. पण पूर उन्हाळ्यात येत नाही. पावसाळ्यात समुद्राने अडविलेले गोडे पाणी ह्या रेषेच्या कितीतरी वर साचते. पोलादपूर तालुका तर ह्या व्याख्येप्रमाणे किनाऱ्याच्या सर्वस्वी बाहेर पडतो. महाडच्या बाजारपेठेत शिरणारे पाणी मात्र त्याच तालुक्यातून येते. किनाऱ्यावरील धोक्याचा नकाशा खाडीच्या मुखापाशी थांबवून चालत नाही. तो कशेडीच्या व महाबळेश्वरच्या माथ्यापर्यंत न्यावा लागतो.

३

ह्या खोऱ्याचे नकाशे पूर्वी झालेच नाहीत असे नाही. इंग्रजी अमलात महसुली मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले आणि गावोगावचे नकाशे तयार झाले. १८८३ साली जेम्स कॅम्बेल ह्यांच्या संपादकत्वाखाली कुलाबा व जंजिरा ह्यांचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले; आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा ह्याच नावाने ओळखला जात असे. ह्या सर्व उद्योगामागे सरकारचा मुख्य प्रश्न एक होता : कोणत्या जमिनीवर किती आकार बसवावा व तो कोणाकडून वसूल करावा? त्यामुळे भातशेतीची खाचरे तपशिलाने मोजली गेली. डोंगरउतारावरची नाचणी-वरीची वरकस जमीन हलकी म्हणून तिच्यावर आकार कमी बसला, आणि तिच्यावर राहणाऱ्या माणसांकडेही त्याच प्रमाणात दुर्लक्ष झाले.

दक्षिण कुलाब्यातील अनेक गावे खोती होती. खोत हा सरकार व कूळ ह्यांच्यामधला वसुलीदार असला, तरी व्यवहारात तो गावाचा मालकच होऊन बसे. कुळे अर्धेलीने वा तिर्धेलीने धान्य देत आणि घर बांधण्याची जागासुद्धा पुष्कळदा खोताच्या मर्जीवर अवलंबून असे. खाचराची सपाट जमीन घरासाठी दवडणे कोणासच परवडणारे नव्हते. त्यामुळे कुळांची घरे खाचरांच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी वा उतारावर चढत गेली. कोकणातील ‘वाडी’ आणि ‘कोंड’ ह्या वस्त्यांची विखुरलेली रचना केवळ भूगोलाने घडलेली नसून तिच्यामागे जमिनीचा हा हिशेबही आहे.

खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला. त्यानंतर कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ ह्या कृषिदिनी कसणाऱ्याचा मालकी हक्क मान्य झाला. ह्या सुधारणांचे महत्त्व मोठे आहे. तथापि त्यांनी कुळाला कसलेली जमीन दिली. त्याचे घर उतारावरून खाली आणले नाही. ज्यांच्याकडे कूळ म्हणून नोंदण्याजोगी जमीनच नव्हती, त्यांना तर ह्या कायद्यांचा लाभ फारच थोडा झाला.

कातकरी समाज हे ह्याचे ठळक उदाहरण होय. खैरापासून कात काढणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगले राखीव होऊ लागली आणि त्या व्यवसायाचा पाया ढासळला. दुसऱ्या बाजूस मुंबईच्या गरजेसाठी कुलाब्यातील लाकूडफाटा व कोळसा सतत जात राहिला. जंगलावर उपजीविका करणारा समाज मजुरीवर आला, आणि त्याची वस्ती कोणाच्या तरी जमिनीच्या कडेला, ओढ्याच्या काठी किंवा वनहद्दीलगत राहिली. झाडे गेल्यावर उताराची माती धरून ठेवणारी मुळेही गेली. अशा रीतीने भूमीची झीज आणि माणसाची निराधार अवस्था ह्या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासातून निपजल्या.

४

पाण्याच्या हक्काचा सर्वांत प्रसिद्ध लढा ह्याच खोऱ्यात व्हावा, ही गोष्ट येथे आठवणे अप्रस्तुत होणार नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले करावेत, असा सी. के. बोले ह्यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळ्यासंबंधी तसा निर्णय घेतला. निर्णय कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेची मंडळी तळ्यावर गेली व तेथील पाणी प्याली. नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर्वीचा ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेसाठी आलेली मुंबईची मंडळी जलमार्गाने येऊन दासगाव बंदरावर उतरली होती. तळ्याचा दावा न्यायालयात चालत राहिला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे सिद्ध झाले नाही, असा निर्णय दिला.

ह्या निर्णयात इतिहासाच्या अभ्यासकास एक धडा आहे. ‘पूर्वापार असेच चालत आले आहे’ हे विधान पुराव्याने तपासता येते, आणि तपासल्यावर ते पुष्कळदा टिकत नाही. डोंगराच्या कडेला वा नदीच्या पुरात येणाऱ्या जागी एखादी वस्ती पूर्वापार आहे असे म्हटले जाते, तेव्हाही तोच प्रश्न विचारला पाहिजे : ती तेथे केव्हापासून आहे, कोणी वसविली, आणि दुसरी जागा तिला का मिळाली नाही?

ह्यावर एक आक्षेप संभवतो. पुरात महाडची बाजारपेठ बुडते. तेथील व्यापारी काही दुर्बळ वर्गातले नाहीत. तेव्हा आपत्तीचा सामाजिक विषमतेशी संबंध जोडणे ओढूनताणून केल्यासारखे होईल. आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच ‘सखल जागा म्हणजे गरिबांची जागा’ असे सरसकट समीकरण येथे लागू पडत नाही. परंतु धोका म्हणजे केवळ पाणी घरात शिरणे नव्हे. पाणी ओसरल्यावर उभे राहण्याची शक्ती हाही त्याचा भाग आहे. दुकानदाराच्या मालाची हानी मोठी असते, पण त्याच्याजवळ दुकानाचा कागद, मालाची वही, पेढीवरची पत आणि कधी विमाही असतो. त्याच दुकानात रोजंदारीवर काम करणाऱ्या हमालाची भाड्याची खोली बुडाली, तर पंचनाम्यात त्याने आपले म्हणून काय दाखवावे, हाच प्रश्न असतो. उतारावरच्या वाडीत तर हानी मालाची होत नाही, जिवाची होते.

५

आता प्रत्यक्ष घटनांकडे वळणे योग्य होईल. जुलै १९८९ मध्ये रायगड जिल्ह्यातच अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्याची मोठी प्राणहानी केली होती. त्यानंतर सोळा वर्षांनी, २५ व २६ जुलै २००५ ह्या दोन दिवसांच्या अतिवृष्टीत महाड व पोलादपूर तालुक्यांत दरडी कोसळल्या. दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते ही त्यांतील प्रमुख गावे. ह्या दुर्घटनांत दीडशेहून अधिक माणसे मरण पावली. त्याच दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि देशाचे लक्ष स्वाभाविकपणे राजधानीच्या शहराकडे वेधले गेले. महाड तालुक्यातील कुटुंबांचे कितीतरी मिळवते पुरुष कामासाठी मुंबईतच होते. ते तेथे अडकले असता गावी घरात स्त्रिया, मुले व वृद्ध होते. मुंबईच्या नोकरीवर चालणाऱ्या ह्या खेड्यांचे हे वैशिष्ट्य धोक्याच्या कोणत्याही मापनात ध्यानी घेतले जावयास हवे.

२२ जुलै २०२१ रोजी तोच प्रसंग अधिक व्यापक रूपात आला. महाबळेश्वर येथे २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. महाड शहर बुडाले, रस्ते बंद झाले, आणि त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातील तळिये येथे एका वाडीवर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. शहराभोवती पूर असल्याने मोठी मदत दुसऱ्या दिवसाशिवाय पोहोचू शकली नाही. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. येथे एक गोष्ट स्पष्ट होते. पूर व दरड ह्यांचे नकाशे वेगवेगळे काढले जातात. परंतु खालचा पूर वरच्या वाडीचा मार्ग तोडतो, आणि त्यामुळे दरडीखाली सापडलेल्यांच्या जगण्याची आशा मावळते.

दरड कोसळण्याची क्रिया शास्त्रास अज्ञात नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण वरच्या थरात कुजून त्याची माती होते व ती खालच्या अभेद्य खडकावर केवळ टेकलेली असते. सतत पाऊस पडला की पाणी दोहोंच्या मधल्या फटीत साठते, त्याचा दाब वाढतो आणि मातीची पकड सुटते. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, जमिनीस भेगा पडणे, झाडे वा खांब कलणे ही तिची पूर्वचिन्हे होत. घरासाठी वा रस्त्यासाठी उताराचा पायथा कापला असेल, तर तो डोंगर अधिकच निराधार होतो.

पावसाचे स्वरूप पालटत आहे, ह्याविषयीही आता पुरावा उपलब्ध आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाप्रमाणे मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ ह्या काळात तिपटीने वाढल्या, आणि त्यांचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाशी आहे. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ ह्या काळात जगातील समुद्रपातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली. समुद्र वर आला म्हणजे नदीचा उतार तेवढाच कमी होतो व पुराचे पाणी ओसरण्यास अधिक वेळ लागतो. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने ह्या चिंतेत आणखी भर घातली.

६

आजचे नकाशे ह्या परिस्थितीस पुरे पडतात काय? ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. त्याच सुमारास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशातील डोंगराळ प्रदेशाच्या दरडप्रवणतेचे नकाशे १ : ५०,००० ह्या प्रमाणावर करण्याचे काम हाती घेतले. हे काम मोलाचे आहे. पण त्या प्रमाणावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. शंभर मीटर लांबीची वीस-पंचवीस घरांची वाडी त्यावर दोन मिलिमीटर जागा व्यापते. एवढ्या जागेत उतार दिसतो, माणूस दिसत नाही. उलट महसुली गावनकाशात प्रत्येक सर्व्हे नंबर व त्याचा धारक असतो, पण त्यावर उंचीची रेषा नसते. एका नकाशात माणसाविना डोंगर आहे आणि दुसऱ्यात डोंगराविना माणूस.

ह्याखेरीज नोंदीचे एकक ही अडचण आहे. सरकारी यादीत महसुली गावाचे नाव येते. एका गावात मूळ गावठाण, चार-सहा वाड्या, बौद्धवाडी आणि कधी कातकरीवाडीही असते. त्या एकमेकींपासून दूर असतात व त्यांचा धोकाही वेगळा असतो. गाव यादीत असले तरी नेमकी कोणती वाडी हलवावयाची हे त्यावरून कळत नाही. आणि वाडीची स्वतंत्र नोंद नसेल तर ती यादीतून सहज निसटते. १९ जुलै २०२३ रोजी ह्याच जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वस्ती दरडीखाली गेली. ती दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे शासनाने त्यानंतर विधिमंडळात सांगितले. यादी करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दीडशे वर्षांपूर्वी महसुलासाठी ठरलेले एकक आजही जीवितरक्षणासाठी वापरले जाते, ही उणीव ह्या घटनेने उघड केली.

सावित्रीच्या खोऱ्याचा नवा नकाशा करताना म्हणूनच तीन गोष्टी एकत्र आणल्या पाहिजेत. पहिली, घाटमाथ्यापासून खाडीच्या मुखापर्यंतचे सबंध खोरे हे एक क्षेत्र मानून पाऊस, उधाण, गाळ, पूल व भराव ह्यांची नोंद. २०२१ नंतर सावित्रीतील गाळ व बेटे काढण्याचे काम हाती घेण्यात आले. पण गाळ डोंगरातून येतो, आणि वरचे उतार उघडे राहिले तर नदी पुन्हा भरणार. दुसरी, वाडी हे एकक. प्रत्येक वाडीतील घरांचा उतार, झरे, भेगा आणि बाहेर पडण्याचा मार्ग ह्यांची माहिती तेथील लोकांकडूनच मिळू शकते. कोणता झरा केव्हा गढूळ होतो हे पावसाळाभर त्यावर पाणी भरणाऱ्या स्त्रियांइतके अन्य कोणास ठाऊक असणार?

तिसरी व सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे हक्कांची नोंद. घर कोणाच्या नावावर आहे, त्याखालची जमीन कोणाची, ती वनजमीन की गायरान, मिळवता माणूस कोठे असतो, ह्या प्रश्नांची उत्तरे नकाशावर नसतील तर पुनर्वसनाच्या वेळी तीच माणसे पुन्हा वगळली जातात. सातबारावर ज्याचे नाव नाही त्याला पर्यायी जागा मागता येत नाही, आणि जागा नसल्यामुळे तो पुढच्या पावसाळ्यात त्याच उतारावर राहतो. नवी जागा देतानाही ती शेतापासून व रोजगारापासून दूर असेल, तर माणसे जुन्या घरी परततात. हा हट्ट नसून पोटाचा प्रश्न आहे.

असा नकाशा काही अडचणीही निर्माण करील. वाडी धोक्याची ठरली की तिची सक्तीने उचलबांगडी होईल, मोकळी झालेली जमीन दुसऱ्याच कोणाच्या हाती जाईल, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. जमिनीच्या बाबतीत ह्या खोऱ्यातील दुर्बळांचा अनुभव त्यांना सावध राहण्यासच शिकवितो. म्हणून नकाशा होण्यापूर्वीच त्या जमिनीवरील त्यांचा हक्क आणि नव्या जागेची निवड करण्याचा अधिकार मान्य झाला पाहिजे. चवदार तळ्याच्या बाबतीत नगरपालिकेचा ठराव झाला होता, तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी लोकांना स्वतः तळ्यापर्यंत चालत जावे लागले आणि न्यायालयाच्या अखेरच्या निर्णयास दहा वर्षे लागली. डोंगरउतारावरील वाड्यांना एवढा अवधी मिळेलच असे नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक जुलै महिना ही एक मुदत आहे, आणि ती दरवर्षी नव्याने येते.